दिगंबरत्व आणि कायद्याची अक्षरे

पावसाळा सुरू झाला की सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील तरुण मंडळी सुटीच्या दिवशी त्र्यंबक रस्त्याने अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर अशा डोंगरांकडे निघतात. परदेशात काही हौशी लोक विवस्त्र होऊन रानवाटा तुडवतात, तंबू ठोकून राहतात, हे त्यांच्याही वाचनात आलेले असते. मग गप्पांच्या ओघात प्रश्न निघतो : जैन मुनी भर रस्त्यातून दिगंबर चालू शकतात, तर डोंगरावर इतरांनी तसे फिरणे गुन्हा कसा? प्रश्न पुष्कळदा थट्टेने विचारला जातो आणि आपली माणसे त्याला रागाने उत्तर देतात. वास्तविक प्रश्न विचारण्याजोगा आहे, आणि त्याचे उत्तर बहुतेक श्रावकांना वाटते तितके सोपे नाही.

दिगंबर मुनींना कायद्याने सूट दिली आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अश्लील कृत्याच्या कलमात तशी सूट नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २९६ (दंड संहितेतील पूर्वीचे २९४) इतरांना उपद्रव होईल अशा रीतीने सार्वजनिक ठिकाणी अश्लील कृत्य करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगते. १९५१च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ११० रस्त्यावर, सार्वजनिक जागी किंवा तेथून दिसेल अशा ठिकाणी बुद्धिपुरस्सर व असभ्यपणे अंगप्रदर्शन करण्यास मनाई करते. मुनी किंवा साधू यांचा उल्लेख दोन्हींत नाही.

अश्लील पुस्तके व चित्रे यांच्या कलमात मात्र स्पष्ट अपवाद आहे. प्राचीन स्मारके, मंदिरे आणि देवतांचे रथ यांवरील शिल्पे त्यातून वगळली आहेत. म्हणजे मांगीतुंगीच्या पाषाणातील दिगंबर प्रतिमेला कायद्याच्या अक्षरांनी संरक्षण दिले, आणि त्या प्रतिमेच्या मार्गाने चालणाऱ्या जिवंत मुनीला दिले नाही!

मग विहार निर्वेध चालतो तो कशाच्या आधारावर? राज्यघटनेचा अनुच्छेद २५ धर्माचरणाचे स्वातंत्र्य देतो. पण तेही सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. खरा आधार ‘अश्लील’ आणि ‘असभ्यपणे’ या दोन शब्दांच्या अर्थात आहे. अवीक सरकार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये निर्वाळा दिला, की नग्नता म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे. संदर्भ आणि समाजाची समकालीन धारणा पाहावी लागते. मुनींचे अचेलकत्व अट्ठावीस मूलगुणांपैकी एक आहे. पुढची चार हात जमीन निरखत, जीव वाचवत चालणाऱ्या त्या देहात प्रदर्शनाचा हेतू शोधूनही सापडत नाही, आणि पाहणाऱ्या समाजालाही ते ठाऊक असते.

हौशी गिर्यारोहकाला हा आधार मिळत नाही. अंजनेरीच्या उतारावर निर्जन वाटले तरी गुराखी असतात, पाड्यांवरच्या स्त्रिया सरपणाला येतात, हनुमंताच्या दर्शनाची रीघ असते. २०२०च्या नोव्हेंबरात मिलिंद सोमण यांनी गोव्याच्या किनाऱ्यावर विवस्त्र धावतानाचे छायाचित्र प्रसृत केले, तेव्हा गोवा पोलिसांनी गुन्हा नोंदवला होता. ब्रिटनमध्ये स्टीफन गॉफ नावाचा माजी सैनिक देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नग्न चालला. त्याने वर्षानुवर्षे तुरुंग भोगला आणि २०१४ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही त्याचे म्हणणे फेटाळले. गॉफच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्याच्यामागे ती निष्ठा ओळखणारा समाज नव्हता, इतकेच.

ही ओळख आपल्याकडेही आयती मिळालेली नाही. दक्षिणेतील निर्वाणस्वामी जनवस्तीत येताना अंगावर वस्त्र घेत. १९२० मध्ये मुनिदीक्षा घेतलेल्या आचार्य शांतिसागर महाराजांनी ती तडजोड नाकारली आणि भोजसारख्या खेड्यातून आलेल्या त्या पुरुषाने उत्तर भारतापर्यंत पायी विहार केला. आज ज्याला समाजाची धारणा म्हणतात, ती पुष्कळ अंशी अशा पावलांनी घडली आहे.

म्हणूनच ती गृहीत धरणे धोक्याचे आहे. सातपूरचे कामगार अनेक प्रांतांतून आलेले आहेत. २०१५च्या सिंहस्थात त्र्यंबकला नागा साधूंचे शाही स्नान पाहिलेल्या नाशिककरास जे सहज वाटते, ते नुकत्याच आलेल्या परप्रांतीय कुटुंबास वाटेलच असे नाही. त्याच्या दचकण्याला द्वेष समजून त्याच्यावर ओरडणारा श्रावक मुनींच्या मार्गातला काटा काढत नाही, वाढवतो. विहाराचा मार्ग पोलीस ठाण्याला आधी कळवावा, पाळी सुटण्याच्या गर्दीची वेळ टाळावी आणि विचारणाऱ्याला दोन शांत वाक्यांत उत्तर देऊ शकेल असा एक तरी माणूस सोबत ठेवावा. आणखी एक सवय सोडावी : विहाराची चित्रफीत टिपून मोबाइलवर सर्वत्र पाठवण्याची. रस्त्यावर मुनींच्या मागेपुढे संघ असतो, पिच्छी आणि कमंडलू दिसतात, चालणे दिसते. दहा सेकंदांच्या तुकड्यात यातले बरेचसे गळून पडते, आणि तो तुकडा कोणाच्या हाती जाईल हे पाठवणाऱ्याला ठाऊक नसते.