किल्ली आणि चिठ्ठी

समजा, एखाद्या शेतकऱ्याची तूर खामगांवच्या वखारींत ठेवलेली आहे. त्यास स्वतः जाणें जमत नसलें, तर तो गाडीवानाच्या हातीं चिठ्ठी देईल : ‘ह्या इसमास दोन पोतीं द्यावीं.’ तिच्यावर तारीख असेल, खालीं सही असेल. आपल्या घराची किल्ली मात्र तो गाडीवानास देणार नाहीं. हा साधा व्यवहार ज्यास समजला, त्यास आजच्या समाजमाध्यमांतील एक मोठा प्रश्न अर्धाअधिक समजला, असें मी म्हणतों.

फेसबुकसारख्या माध्यमाजवळ आपलें नांव, छायाचित्रें, मित्रांची यादी जमा असते. एखादा खेळ किंवा दुसरें ॲप ही माहिती मागूं लागतें. पूर्वीं कांहीं संकेतस्थळें अशा कामासाठीं सरळ पासवर्डच मागत. तो देणें म्हणजे किल्लीच देणें. त्यावर उपाय म्हणून ‘ओऑथ’ नांवाची पद्धति निघाली. तिची दुसरी आवृत्ति ऑक्टोबर २०१२ मध्यें प्रसिद्ध झाली. ह्या पद्धतींत पासवर्ड आपण मूळ माध्यमासच सांगतों. ॲपच्या हातीं पडतें तें केवळ ‘टोकन’, म्हणजे चिठ्ठी. काय पाहावयाचें व किती काळ, ही मर्यादा तिला घालतां येते, आणि पासवर्ड न बदलतां ती रद्दही करतां येते. मात्र चिठ्ठी ज्याच्या हातीं, त्याचें काम होतें. आणणारा कोण, हें सहसा कोणी विचारीत नाहीं.

सप्टेंबर २०१८ मध्यें ह्याचा प्रत्यय आला. आपलें पान दुसऱ्यास कसें दिसतें हें पाहण्याची सोय फेसबुकवर होती. तींतील दोषामुळें पाहणाऱ्यास त्या दुसऱ्याचेंच टोकन मिळूं लागलें, आणि चोरट्यांनीं सुमारें ३ कोटी लोकांचीं टोकनें पळविलीं. पासवर्ड चोरीस गेले नव्हते, तरी दार उघडलें.

पण चोरीपेक्षां मला दुसरी गोष्ट अधिक चिंतेची वाटते. केंब्रिज ॲनालिटिकाचें प्रकरण त्याच वर्षीं गाजलें. एका प्रश्नावलीचें ॲप भारतांत अवघ्या ३३५ जणांनीं घेतलें होतें; परंतु त्यांच्या मित्रांचीही माहिती त्या वाटेनें जात असल्यामुळें ५,६२,४५५ भारतीयांस त्याची झळ पोंचली असावी, असें फेसबुकनेंच सांगितलें. मित्रांची माहिती देण्याची ही वाट २०१५ मध्यें बंद झाली. पण तोंपर्यंत जें जावयाचें तें गेलें होतें. जें आपलें नव्हे तें देण्याचा अधिकार त्या ३३५ जणांस कोणीं दिला होता?

येथें एस्तेरच्या पुस्तकांतील अहश्वेरोश राजा आठवतो. त्यानें फारशी चौकशी न करितां बोटांतील मुद्रा हामानाच्या स्वाधीन केली, आणि हामानानें तिच्या बळावर एका सबंध लोकांच्या नाशाचीं पत्रें राज्यभर धाडलीं. पुढें मुद्रा परत घेऊन राजानें ती मर्दखयास दिली. परंतु गेलेला हुकूम रद्द करतां आला नाहीं, त्याच्या प्रतिकारार्थ दुसरीं पत्रें लिहावीं लागलीं. टोकनाचेंही तसेंच आहे. तें रद्द केल्यानें पुढची वाट बंद होते. गेलेली माहिती परत येत नाहीं.

कोणी म्हणतील, मग मुलांच्या हातीं हें यंत्र देऊंच नये. हें मला पटत नाहीं. चिठ्ठीनें तर किल्ली वांचविली. दोष चिठ्ठीचा नसून न वाचतां सही करण्याचा आहे. म्हणून विद्यार्थ्यांनो, ‘अनुमति’ हा शब्द दाबण्यापूर्वीं ॲप काय मागत आहे तें वाचा. चित्रें रंगविणाऱ्या ॲपास तुमच्या मित्रांची यादी कशास हवी? वापरांत नसलेल्या अनुमति महिन्यांतून एकदां काढून टाका. तुमच्यापैकीं जे स्वतः प्रोग्रॅम लिहूं लागले आहेत, त्यांनीं गरजेपुरतीच अनुमति मागावी, आणि दुसऱ्याचें टोकन उघड्यावर ठेवूं नये. ती परक्याची ठेव आहे.

पालकांसही एक विनंति आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठीं पालकांची संमति घ्यावी, असें २०२३ च्या कायद्यांत कलम आहे. ती संमति म्हणजे आपली सही होय. कोऱ्या कागदावर आपण सही करीत नाहीं. मग मुलाच्या नांवानें ती डोळे मिटून कां करावी?