सामाईक फळा

सॅन फ्रान्सिस्को येथे ९ डिसेंबर १९६८ रोजी भरलेल्या संगणकतज्ज्ञांच्या परिषदेत डग्लस एंगलबार्ट या संशोधकाने दीड तासाचे जे प्रात्यक्षिक करून दाखविले, त्याचे स्मरण बहुधा माऊस या उपकरणापुरतेच उरले आहे. परंतु त्याच प्रात्यक्षिकात, तेथून सुमारे पन्नास किलोमीटरांवर मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत बसलेल्या सहकाऱ्याची मुद्रा पडद्यावर प्रकट झाली आणि ते दोघे एकाच मजकुरावर आपापले कर्सर फिरवीत बोलू लागले, हा प्रसंग मला माऊसहूनही महत्त्वाचा वाटतो. दूरच्या माणसाचा आवाज तारेवरून आणण्याची विद्या तोवर जुनी झाली होती. बोलता बोलता त्याचे बोट कशावर आहे हे दिसण्याची सोय मात्र नवी होती.

मिरो, म्युरल, फिगजॅम, मायक्रोसॉफ्ट व्हाइटबोर्ड हे संगणकावरचे सामाईक फळे म्हणजे त्याच सोयीची आजची रूपे. यांपैकी मिरोचा प्रारंभ २०११ साली रशियातील पेर्म या शहरी ‘रिअलटाइमबोर्ड’ या नावाने झाला आणि झुआन मिरो या चित्रकारावरून घेतलेले आजचे नाव त्याला २०१९ साली मिळाले. पुढच्याच वर्षी महामारीमुळे कचेऱ्यांना कुलपे लागली, भिंतीवरचा पांढरा फळा आतच अडकला, आणि पुण्याच्या हिंजवडी-खराडीची मंडळी घरच्या जेवणाच्या टेबलावरून या दुसऱ्या फळ्यावर लिहू लागली.

मी ज्या चमूत काम करतो, त्यातले काही सहकारी पुण्यात, काही नागपुरास आणि एक ॲमस्टरडॅमला असतात. एका रुग्णालयात रुग्णाला घरी सोडण्याची परवानगी डॉक्टरांनी दिल्यावरही अंतिम बिल हाती पडेपर्यंत संध्याकाळ का होते, हा प्रश्न एकदा आमच्यापुढे होता. अशा वेळी आम्ही प्रथम बोलत नाही. काही मिनिटे ध्वनी बंद ठेवून प्रत्येकाने स्टिकीवर, म्हणजे फळ्यावरच्या चिठ्ठीवर, एकेक कारण लिहावयाचे असा शिरस्ता आहे. त्या शांततेत, नव्यानेच रुजू झालेल्या आणि बैठकीत सहसा न बोलणाऱ्या एका मुलीच्या नावाचा कर्सर फळ्याच्या कडेला आला आणि पिवळ्या चिठ्ठीवर अक्षरे उमटली : ‘वॉर्डातून परत आलेल्या औषधांची नोंद संध्याकाळच्या पाळीत होत नाही.’ आमच्या वरिष्ठांचा कर्सर फिरत फिरत तिथे येऊन थांबला. “हे कुठून कळलं तुला?” “बिलाच्या खिडकीवरच्या काकूंनी सांगितलं, सर. ती औषधं सकाळी चढवतात, तोवर बिल मिटवता येत नाही.” पुढचा तासभर चर्चा त्या एका चिठ्ठीभोवतीच चालली. समोरासमोरच्या बैठकीत तिच्या बोलण्याची पाळी येण्यापूर्वी निर्णय होऊन गेला असता, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. कारण बोलण्याला क्रम लागतो आणि तो क्रम आपल्याकडे बहुधा हुद्द्याने ठरतो, तर फळ्यावर सर्वजण एकाच वेळी लिहू शकतात.

चिठ्ठ्यांच्या या पद्धतीचे मूळ संगणकात नाही. जिरो कावाकिता या जपानी मानववंशशास्त्रज्ञाने नेपाळच्या पहाडी मुलखातील आपल्या संशोधनाची टिपणे लावताना, एकेक निरीक्षण एकेका कागदावर लिहून, ते कागद पसरून, आधी मथळे न ठरविता जे एकमेकांच्या जवळचे वाटतील ते एकत्र आणावयाचे आणि मग त्या गटाला नाव द्यावयाचे, असा जो परिपाठ घालून दिला, तो त्याच्या आद्याक्षरांवरून ‘के-जे पद्धत’ म्हणून ओळखला जातो. आधी खाती पाडून मग त्यांत माणसांची मते कोंबण्याच्या आपल्या सवयीवर इतका साधा उतारा माझ्या पाहण्यात दुसरा नाही. आणि दूरस्थ फळ्यावर तो अंगवळणी पडतो, कारण चिठ्ठी उचलून हलविण्याला तिथे काहीच श्रम नाहीत.

एकच चिठ्ठी दोघांनी एकाच क्षणी दोन दिशांना ओढली तर काय व्हावे, हा प्रश्न मात्र वाटतो तितका सोपा नाही. फिगजॅम ज्या कंपनीचे आहे त्या फिग्माने आपल्या आरेखनाच्या साधनात असा नियम ठेवला, की सर्व्हरपाशी जो बदल शेवटी पोहोचेल तो ग्राह्य. २०२० च्या जानेवारीत आलेल्या एक्सकॅलिड्रॉ या मुक्तस्रोत फळ्यात तर पुसलेली आकृतीही तत्काळ नाहीशी होत नाही. ‘पुसली’ अशी खूण तिच्यावर करून ती ठेवली जाते, अन्यथा ज्याच्यापर्यंत पुसल्याची वार्ता पोहोचली नाही त्याच्या संगणकातून ती पुन्हा सर्वांच्या फळ्यावर परतली असती. परस्परांना न दिसणाऱ्या माणसांमध्ये सलोखा राहावा म्हणून किती बारीक तजवीज करावी लागते, हे पाहून या कामातील कारागिरांविषयी मला आदर वाटतो.

माझी तक्रार आहे ती फळा वापरणाऱ्यांविषयी. या फळ्याला जवळजवळ कडाच नसल्यामुळे जागा संपत नाही, जागा संपत नाही म्हणून कोणी पुसत नाही, आणि सहा महिन्यांनी ‘आपण हे का ठरविले?’ असे विचारले असता उत्तरादाखल एक लिंक मिळते, जिच्यामागे शेकडो चिठ्ठ्यांचे रान माजलेले असते. त्यांतली कोणती मान्य झाली, कोणती विचारांती नाकारली गेली आणि कोणती केवळ विसरली गेली, याचा पुरावा नसतो. विचार चालू असताना फळ्याइतका उपयुक्त सोबती नाही. परंतु निर्णयाचे दफ्तर म्हणून तो निरुपयोगी आहे, आणि ते काम त्याच्यावर लादणे हा हयगयीचा प्रकार आहे.

शिवाय तो फळा दुसऱ्याच्या जागेत लटकलेला असतो. गूगलने २०१६ साली जाहीर केलेला जॅमबोर्ड जगभरच्या कित्येक शाळांनी आपलासा केला होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून त्यावरचे फळे केवळ पाहता येऊ लागले आणि ३१ डिसेंबर २०२४ रोजी ती सेवा समाप्त झाली. उलट, पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागद याहून कितीतरी जुने असूनही गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध होऊ शकले, ते मुळात कोणीतरी प्रत्येक व्यवहाराचा कागद त्या त्या वेळी करून ठेवला होता म्हणून.

म्हणून आमच्या चमूत मी एक आग्रह धरला आहे. बैठक उठण्यापूर्वी फळ्यावरून उतरून एका साध्या लेखात तारीख, निर्णय, जबाबदार व्यक्ती आणि नाकारलेल्या पर्यायांची कारणे लिहावयाची, आणि हे लेखन सर्वांत धाकट्याच्या गळ्यात न घालता ज्याला निर्णयाचा अधिकार आहे त्यानेच करावयाचे. पेशवाईत फडणिशी, म्हणजे हिशेब व दफ्तर राखण्याचे काम, हा मानाचा हुद्दा होता आणि नाना फडणवीसांसारखा मुत्सद्दी तो सांभाळीत होता. आमच्या वरिष्ठांना माझा हा आग्रह अद्याप पुरता पटलेला नाही. वेळ जातो, असे ते म्हणतात. औषधांच्या नोंदीचा निर्णय मात्र त्यांनी स्वतः लिहिला, आणि ते कारण प्रथम कोणी दाखविले, हेही त्यात नावानिशी नमूद केले.