अर्जातला ‘हॅव’ आणि आपला ‘लय’



कुपवाडला कारखान्यात काम करणारा एक मुलगा अर्ज तपासून घ्यायला माझ्याकडे आला. त्याने इंग्रजीत लिहिले होते, ‘आय वर्क्ड इन धिस फॅक्टरी फॉर सिक्स इयर्स.’ मी विचारले, “बाबा, नोकरी सोडलीस काय?” तो दचकला. “न्हाई काका, चालूच हाय की! आज रातपाळी हाय.”

पण वाचणारा साहेब काय समजणार? हा 6 वर्षे होता, आता नाही. काम अजून चालू असेल तर ‘आय हॅव वर्क्ड’ किंवा ‘आय हॅव बीन वर्किंग’ लिहावे लागते. कित्येकजण ‘आय अ‍ॅम वर्किंग सिन्स सिक्स इयर्स’ लिहितात. आपण मराठीत ‘6 वर्षांपासून काम करतोय’ म्हणतो ना, तेच तसेच उतरते. तेही चूकच. किती काळ हे सांगताना ‘फॉर’, कधीपासून हे सांगताना ‘सिन्स’.

उलटही घडते. ‘मी काल अर्ज दिला आहे’ हे मराठीत चालते. इंग्रजीत मात्र ‘येस्टरडे’ आले की तो काळ संपला, तिथे ‘हॅव’ बसत नाही. ‘आय हॅव पास्ड बी. कॉम. इन 1998’ असे मीही बरीच वर्षे लिहीत होतो, कुणी सांगितलेच नाही! आपल्या माहितीतली तारीख घ्या. बाबासाहेब 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीत दाखल झाले. तारीख आली, म्हणून ‘एन्टर्ड’, ‘हॅज एन्टर्ड’ नव्हे. तो दिवस 2017 पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो आणि ते अजून चालू आहे, म्हणून तिथे ‘हॅज बीन ऑब्झर्व्हड सिन्स 2017’.

त्याच अर्जाच्या शेवटी होते, ‘आय अ‍ॅम सो हार्डवर्किंग.’ हे मोबाईलवरून उचललेले. ‘सो’, ‘रियली’, ‘प्रिटी’ ही बोलण्यातली भर आहे. ‘प्रिटी’ म्हणजे सुंदर असे आपण पाठ केलेले, आणि ‘प्रिटी बॅड’ ऐकले की गोंधळतो. तिथे त्याचा अर्थ ‘बऱ्यापैकी’. ‘टेरिबली’ हा मूळचा भीतीचा शब्द, आता नुसता ‘फार’. आपणही ‘भयंकर आवडलं’ म्हणतोच की! ‘टू’ला मात्र जपा. ‘द वर्क इज टू हार्ड’ म्हणजे काम झेपण्यापलीकडे अवघड आहे, अशी तक्रार झाली.

सातारा-सांगलीकडे आपला ‘लय’ आहे. लय भारी, लय गोड, लय दमलो. पण तलाठ्याला ‘दाखल्याची लय गरज आहे’ असे आपण लिहीत नाही, ‘अत्यंत’ लिहितो. हे कुणी शिकवत नाही, कानाला कळते. इंग्रजीतही तेच. घरी ‘सो’, अर्जात ‘व्हेरी’. पुण्यात शिकायला गेलेली आपली पोरे ‘लय’वर कुणी हसले की गप्प होतात. का म्हणून? इंग्रजांचा ‘प्रिटी’ चालतो तर आपला ‘लय’ का चालू नये? फक्त जागा ओळखावी.

त्या मुलाला मी ‘सो हार्डवर्किंग’ खोडायला लावले. “व्हेरी लिहू का?” त्याने विचारले. म्हटले, तेही नको. लेथवर किती वर्षे काढलीस आणि कोणते सुटे भाग बनवतोस, ते लिही. त्याने बसून 4 ओळी लिहिल्या, त्यात ‘हॅव’ बरोबर जागी आला होता.