घोटणीचा मुहूर्त

भाड्यानं काय मिळत नाही, असा प्रश्न मला हल्ली पडू लागला आहे. लग्नाला सतरंज्या, खुर्च्या आणि मोठाली पातेली भाड्यानं मिळतात, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. नवरदेवाचा फेटा मिळतो, घोडा मिळतो, आणि माझ्या लहानपणी पुण्यात तासावर सायकलही मिळे. पण ओलं काँक्रीट सारखं करून घोटण्याचं सामान भाड्यानं देणारी दुकानं असतात, आणि ती उत्तम चालतात, हे मला सोसायटीच्या कार्यकारिणीवर निवडून आल्यावर कळलं. (निवडून आलो म्हणजे वार्षिक सभेला उशिरा पोचलो. तोवर बाकीच्यांनी माझं नाव सुचवून, अनुमोदन देऊन चहासुद्धा संपवला होता.)

आमच्या इमारतीच्या मागं तीस फूट बाय चाळीस फूट अंगण आहे. त्यातल्या शहाबादी फरशा इतक्या हलत होत्या की पावसाळ्यात कुठल्या फरशीवर पाय दिला असता कुणाच्या धोतरावर चिळकांडी उडेल, हे सांगता येत नसे. पहिल्या मजल्यावरच्या आजी तर चाकांची चौकट धरून चालतात. त्यांनी जून ते सप्टेंबर खाली उतरणंच सोडलं होतं. तेव्हा दिवाळीपूर्वी चार इंच जाडीचं काँक्रीट करून घ्यायचं ठरलं. वर्गणी काढली. आमच्याकडं निम्मी बिऱ्हाडं पेन्शनवर आहेत. त्यामुळं प्रत्येक रुपया जमा होताना कुणाचा तरी हात खिशात जरा जास्त वेळ रेंगाळलेला मी पाहिला आहे.

मिस्त्रींनी बजावलं, की बाराशे चौरस फूट माल एकदम पडणार. एवढा हातानं घोटायला मी आणि चार माणसं पुरणार नाही, तो त्याआधीच आवळेल. यंत्र आणावं लागेल. म्हणून आमचे चिटणीस, मिस्त्री आणि मी असे तिघे गावाबाहेरच्या त्या दुकानात गेलो.

मराठीच्या अध्यापकानं अशा दुकानात जरूर जावं. भिंतीला थाप्या, ओळंबे, लाकडी रंधे आणि पोलादी गुरमाळे ओळीनं टांगलेले. रंधा हा शब्द मी तोवर सुताराचाच समजत होतो. पण सुताराचा रंधा लाकूड तासतो, गवंड्याचा नुसता कुरवाळतो. एकाच नावाची दोन माणसं स्वभावानं किती वेगळी असावीत! कोपऱ्यात धुम्मस उभं होतं, आणि त्याच्या शेजारी त्याचा इंजिनवर उड्या मारणारा नातू. खडीच्या मध्ये अडकलेली हवा काढणारा सुईचा व्हायब्रेटर होता. दहा फुटी अॅल्युमिनियमच्या पट्ट्या होत्या. आणि मधोमध आमचं यंत्र : छताचा पंखा खाली उतरवून जमिनीवर ठेवावा, त्याच्याभोवती लोखंडी कडं घालावं, डोक्यावर पेट्रोलचं इंजिन बसवावं आणि लांब दांडा लावावा, असं त्याचं ध्यान. दांड्यावरची मूठ सुटली की पाती थांबतात. नाहीतर पाती जागच्या जागी अडकून दांडाच गरगरू लागेल आणि चालवणाऱ्याच्या बरगड्या मोजेल.

दुकानदारानं नियम सांगितले. भाडं दिवसाचं. अर्धा दिवस हा प्रकार नाही. यंत्र चालो वा उभं राहो, दिवस तो दिवस. पेट्रोल तुमचं, अनामत आधी, आणि परत करताना पात्यांना सिमेंट चिकटलेलं दिसलं तर साफसफाईचे पैसे कापणार. आमच्या चिटणिसांनी हे सारं निमूट मान्य केलं. मिस्त्रींच्या मजुरीवर मात्र त्यांनी आदल्या संध्याकाळी पाऊण तास घासाघीस केली होती. यंत्राशी कुणी घासाघीस करीत नाही; त्याच्या चेहऱ्याकडे बघूनच धीर होत नसावा.

ठरल्या दिवशी सकाळी आठला यंत्र आलं आणि पाठोपाठ तयार काँक्रीटच्या दोन गाड्या. माल ओतला, पट्टी ओढून सारखा केला, गटाराकडं उतार दिला. दहा वाजता सगळं अंगण ओलसर चकाकत होतं आणि यंत्र जांभळाखाली स्वस्थ उभं होतं. बिगाऱ्यांमधल्या दोन बायका त्या मालात अनवाणी उभ्या होत्या. आमच्या तळमजल्यावरच्या निवृत्त परिचारिका ते पाहून धावत आल्या. ओलं सिमेंट चुन्यासारखंच दाहक असतं. आधी कळत नाही, संध्याकाळी कातडी सोलवटते. त्यांनी दोघींना नळाखाली पाय धुवायला लावले आणि कोपऱ्यावरून गमबूट मागवले. भाड्याच्या त्या एवढ्या मोठ्या दुकानात बूट तेवढे नव्हते.

साडेदहा झाले, अकरा झाले. चिटणीस घड्याळ बघू लागले.

“मिस्त्री, लावा की आता मशीन! भाडं चढतंय.”

“साहेब, अजून पाणी वर हाय.”

त्याचं असं असतं, की ओतलेल्या काँक्रीटमध्ये खडी-वाळू जड म्हणून खाली बसते आणि हलकं पाणी वर येतं. ते पाणी उडून जाईपर्यंत हात लावायचा नाही. त्यावरच घोटलं तर पाणी पुन्हा वरच्या थरात कालवलं जातं, तो थर कमजोर होतो आणि पुढं त्याची भुकटी निघत राहते. कधी वरची साय घट्ट मिटते, पाणी खाली कोंडतं आणि महिन्याभरात पापुद्रे सुटतात. एका सभासदांनी तोडगा काढला : वर कोरडं सिमेंट भुरभुरा, पाणी टिपून घेईल. पुष्कळ ठिकाणी करतात असं. मिस्त्री म्हणाले, “करतात. मग बारीक चिरांचं जाळं पडतं, मग मला फोन करतात.”

मला ही माणसं फार आवडतात. १८२४ साली इंग्लंडात ज्या जोसेफ अॅस्पडिननं पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं, तोही मूळचा विटा रचणारा गवंडीच होता. हे मी चिटणिसांना सांगून पाहिलं, पण त्यांचं लक्ष यंत्राकडे होतं. त्यांचा तरी काय दोष? पेन्शनीतून आलेल्या पैशांचा हिशेब त्यांना द्यायचा होता. साडेबाराला त्यांनी स्वतःच दांड्याला हात घातला. तेव्हा मिस्त्री शांतपणे म्हणाले, “चालवा साहेब. पण मग वहीत लिहा, की घोटणी चिटणीससाहेबांनी केली.”

दांडा सुटला.

दीड वाजता मिस्त्रींनी कडेला एक पाऊल टाकलं आणि उचललं. जेमतेम पाव इंच ठसा उमटला. पाण्याची चकाकी गेली होती. “आता,” एवढंच ते म्हणाले. त्या ‘आता’ला पंचांगात जागा नाही. ऑक्टोबरच्या उन्हात ती वेळ लवकर येते, थंडीत उशिरा, वारा सुटला तर आणखी वेगळी. दुकानदारानं आम्हांला सगळं भाड्यानं दिलं होतं, एवढी एक गोष्ट सोडून.

मग ते यंत्र जे सुरू झालं ते तासाभरात मधलं अंगण संपवून मोकळं झालं. भिंतीच्या कडा, गटाराचं तोंड, खांबांचे पाय इथं त्याचं कडं पोचत नाही. तिथं मिस्त्री फळीवर गुडघे टेकून रंधा फिरवीत होते. जिन्यासमोरच्या छपराखालच्या पट्ट्यावर पाती तिरकी करून दुसरा हात दिला, तेव्हा तो घोटीव अक्षरासारखा तुळतुळीत निघाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि तेवढ्यात मिस्त्रींनी उघड्या अंगणावरून लांब दांड्याचा झाडू आडवा ओढायला सुरुवात केली!

“अहो, अहो! एवढा खर्च करून ओरखडे?”

“पावसात आजी घसरल्या तर?” मिस्त्रींनी विचारलं आणि झाडू ओढीत राहिले. आजी गॅलरीतून बघत होत्या. त्यांनी वरूनच, “मला चालेल हो ते खरखरीत,” असा निकाल दिला.

संध्याकाळी यंत्र परत गेलं. दुकानदारानं कड्याच्या आतून बोट फिरवून हरभऱ्याएवढे दोन खडे काढले आणि अनामतीतून पैसे कापले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-दहा फुटांवर इंचभर खोल खाचा पाडायच्या होत्या, म्हणजे आकसताना चीर पडलीच तर खाचेतच पडते. त्याचं कापायचं यंत्र निराळं आणि त्याचं भाडंही निराळं.

आता निदान सात दिवस पाणी. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन होतं. म्हणून गोणपाटं पसरून ती सतत ओली ठेवायची. पाळ्या लावल्या आहेत, आमची मंगळवारी आणि शनिवारी. राहता राहिला खणून काढलेल्या मातीचा ढीग. तो हलवायला टेम्पो सांगायचा, असा ठराव झाला होता. पण परवा फाटकाशी जाऊन पाहतो तो ढीग निम्मा झालेला. शेजारच्या तीन इमारतींत मिळून पाच किल्ले उभे राहिले आहेत, आणि सहाव्याच्या बुरुजासाठी एक चिरंजीव मिस्त्रींकडं रंधा मागत होते.