डोंबिवली ते दिल्ली, व्हाया शिळफाटा

मुंबई-दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१५० किलोमीटर, तिकिटावरची वेळ जेमतेम सव्वादोन तास. वाचायला एकदम सही! पण बॉस, हे घड्याळ विमान हलल्यावर सुरू होतं. आपलं डोंबिवलीकरांचं सुरू होतं बिल्डिंगच्या गेटपासून. संध्याकाळच्या फ्लाइटसाठी सहारपर्यंतचे चाळीसेक किलोमीटर ट्रॅफिकमध्ये आरामात दोन तास खातात. म्हणजे दिल्लीइतकाच वेळ अंधेरीला! त्यात चेक-इन काउंटर तासभर आधी बंद.

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटू लागली. शिळफाटा, तळोजा करत गेलो की उलवे. मुंबईत शिरायची कटकटच नाही. फक्त तिकीट नीट वाचा: ‘बीओएम’ म्हणजे सहार, ‘एनएमआय’ म्हणजे उलवे. आमचा एक मित्र दिल्लीच्या इंटरव्ह्यूसाठी टाय बांधून वेळेआधी सहारला हजर. विमान मात्र उलव्याहून होतं! तिकीट गेलं, नोकरीही गेली.

तेव्हा पुढच्या वेळी स्वस्त तिकीट दिसलं, की आधी ती तीन अक्षरं बघा. मग घर ते एअरपोर्टचा वेळ आणि कॅबचं भाडं त्यात मिळवा. उरलं काही, तरच ते स्वस्त!