वाडे पडतील, वस्ती राहावी

शनिवारवाड्याच्या आसमंतातील कित्येक जुने वाडे टेकूंच्या आधाराने उभे आहेत. प्राचीन स्मारक कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई झाली. डागडुजीस अनुमती मिळू शकते; पण डागडुजीपलीकडे गेलेल्या वाड्याचे काय? स्मारक राखलेच पाहिजे, मात्र ते माणसांसह. खाली दुकान, वर बिऱ्हाड हा संमिश्र वापर नगररचनाकारांना आज नवा वाटतो (!), कसब्यातील तांबट आळीने तो पिढ्यान्‌पिढ्या आचरला आहे. जुन्याच उंचीच्या पुनर्बांधणीस केंद्राने कायद्यात वाट करून द्यावी. पुढील २०० मीटरांत अनुमतीने इमारती उठतात, तेथे तळमजला कारागिरांना आणि वरची घरे मूळ भाडेकरूंना मिळावीत. अन्यथा कसबा गणपतीची पालखी उचलणारे खांदे उपनगरांतून बोलावून आणायचे काय?