सब ठीक, पण खोलीचं काय?

नवीन सबवूफर घेतलाय आणि तरीही मजा येत नाहीये? मोठा सब घेण्याआधी हे वाचा. खर्च फार नाही. एक लांब वायर, एक मोजपट्टी आणि रविवारची दुपार.

सबवूफर घरी येतो तो दिवस मोठा सॉलिड असतो. हॉलभर थर्माकोल. तो काळा ठोकळा टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात जाऊन बसतो, कारण प्लग तिथेच आहे आणि तिथे तो कुणाच्या पायात येत नाही. मग एखादा ॲक्शनपट लागतो, हेलिकॉप्टर येतं, काचेच्या कपाटातले ग्लास थरथरतात. सही!

दुसऱ्या दिवशी गाणं लावलं की लक्षात येतं, बासची एक नोट घुमतेय आणि पुढची गायब आहे. तिसऱ्या दिवशी आई म्हणते, "डोकं उठलं रे, बंद कर तो ढोल." चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका बेल वाजवतात. आणि पाचव्या दिवशी आपण बारा इंची सबचे रिव्ह्यू वाचायला बसतो.

थांबा, बॉस. कार्ड पाकिटात ठेवा. बहुतेक वेळा लोच्या सबमध्ये नसतो. तो असतो खोलीत.

खोलीही वाजते

शाळेतलं फिजिक्स आठवा. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ११२५ फूट जातो. म्हणजे ४० हर्ट्झच्या बासची एक लाट जवळपास २८ फूट लांब. आपला हॉल? १२ बाय १५. लाट खोलीपेक्षा मोठी! ती भिंतीवर आपटते, परत येते, स्वतःलाच भेटते. काही जागी दोघी मिळून दुप्पट होतात, काही जागी एकमेकींना खाऊन टाकतात.

आपली खोली कुठे घुमणार हे काढायचा फंडा सोपा आहे. ५६३ या आकड्याला भिंतींमधल्या अंतराने, फुटांत, भागा. १५ फुटांसाठी येतात ३८ हर्ट्झ, १२ फुटांसाठी ४७, आणि साडेनऊ फूट उंचीच्या छतासाठी ५९. बास गिटारची सगळ्यात खालची तार साधारण ४१ हर्ट्झवर वाजते, म्हणजे हा सगळा घोळ ऐन गाण्याच्या मुलखात चालतो. खोली चौकोनी, १२ बाय १२ असेल तर दोन घोळ एकाच आकड्यावर येतात आणि त्रास वाढतो.

या पहिल्या लाटेचा जोर भिंतींपाशी सर्वांत जास्त आणि खोलीच्या बरोब्बर मधोमध सर्वांत कमी. म्हणून मागच्या भिंतीला चिकटवलेल्या सोफ्यावर बास बदाबदा येतो आणि मधल्या खुर्चीवर बसलेला मित्र विचारतो, "सब चालू आहे ना?" एकाच खोलीत, एकाच नोटेत दहा-पंधरा डेसिबलचा फरक सहज पडतो.

आणि हो, पडदे, गालिचा, अंड्यांचे ट्रे, भिंतीवरचा खाचांचा फोम, यांनी बास शोषला जात नाही. ते सगळं वरच्या पट्टीतल्या आवाजासाठी. ५० हर्ट्झच्या लाटेचा पाव भागच साडेपाच फुटांहून जास्त असतो. तिला दोन इंची फोम म्हणजे हत्तीला मच्छरदाणी.

सबला सोफ्यावर बसवा

मग करायचं काय? भिंती हलवता येत नाहीत. भाड्याचा फ्लॅट असेल तर घरमालक खिळासुद्धा मारू देत नाही. पण दोन गोष्टी हलवता येतात, सब आणि सोफा.

सोफा मागच्या भिंतीपासून निदान दीड-दोन फूट पुढे ओढा. मग सबसाठी एक जुनी युक्ती वापरा. सब उचला आणि आपण जिथे बसतो तिथे, सोफ्यावर, ठेवा. बास गिटार वरखाली फिरत राहील असं एखादं गाणं सतत वाजत ठेवा. आता गुडघ्यांवर या आणि सब ठेवता येईल अशा प्रत्येक जागी कान जमिनीजवळ नेऊन ऐका. टीव्हीच्या डावीकडे, उजवीकडे, भिंतीच्या मधोमध, शोकेसच्या बाजूला. घरचे हसतील, हसू द्या. जिथे सगळ्या नोटा सारख्या ऐकू येतात, कुठलीच घुमत नाही आणि कुठलीच बुडत नाही, ती सबची जागा. सब तिथे, तुम्ही सोफ्यावर. लाटेला दिशेचं काही पडलेलं नसतं, त्यामुळे जागा अदलाबदल केली तरी हिशेब तोच राहतो.

कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा येतो हे खरं. पण कोपरा खोलीच्या सगळ्या लाटांना एकदम जागं करतो. मोठा आवाज आणि चांगला आवाज यांतला फरक इथेच कळतो.

चांगली जागा बहुधा प्लगपासून लांब निघते. म्हणूनच ती लांब वायर. सबचा दर्जा वाढवायला यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

आधी नॉब, मग माइक

जागा ठरली की सबच्या पाठीमागचे तीन नॉब बघा.

सबवरचा क्रॉसओव्हर पूर्ण वर करा किंवा एलएफईवर ठेवा. बास कुठून वेगळा काढायचा ते रिसीव्हरला ठरवू दे. दोघांनीही गाळणी लावली तर मधला भाग हरवतो. रिसीव्हरमध्ये स्पीकर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झपासून सुरू करा. 'स्मॉल' म्हणजे स्पीकरचा अपमान नव्हे. त्याच्या डोक्यावरचं बासचं ओझं सबकडे दिलं, एवढाच अर्थ. स्पीकर अगदीच छोटे असतील तर १०० किंवा १२०. मात्र जितके वर जाल तितका बास कुठून येतोय ते कानाला कळायला लागतं.

व्हॉल्यूम मधोमध ठेवा. काही रिसीव्हर पुढे स्वतःच स्क्रीनवर सांगतात की नॉब कमी करा किंवा वाढवा. आणि फेज: ० आणि १८० अशी बटणं असतील तर दोन्ही करून बघा. ८० हर्ट्झच्या आसपासचा बास ज्यात भरीव वाटतो ते बरोबर.

आता माइक काढा. डेनॉन आणि मरांट्झमध्ये ऑडिसी, यामाहात वायपाओ, पायोनियरमध्ये एमसीएसीसी, काही रिसीव्हरमध्ये डिराक. नावं वेगळी, काम तेच. खोलीत आवाज सोडायचा, माइकने ऐकायचा, घुमणाऱ्या नोटा कापायच्या आणि सगळ्यांचा वेळ जुळवायचा. इथे घाई नको. पंखा बंद, एसी बंद, कुकरची शिट्टी होऊन जाऊ दे. माइक सोफ्याच्या पाठीवर टेकवू नका, कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला लावा. पहिलं माप तुमच्या नेहमीच्या जागी घ्या, पुढची आजूबाजूला फूट-दीड फुटावर. सांगितली असतील तेवढी सगळी मापं घ्या.

शेवटी स्क्रीनवर सब आठ फुटांवर असताना चौदा फूट दिसला तर दचकू नका आणि बदलूही नका. सबमधल्या सर्किटला वेळ लागतो, रिसीव्हर तो वेळ फुटांत दाखवतो.

माइकला जादू येत नाही

लोकांची सर्वांत मोठी गफलत इथे होते. सब कोपऱ्यातच ठेवायचा, माइक लावायचा आणि म्हणायचं, आता बघून घेईल तो! करेक्शन घुमणारी नोट उत्तम कापतं. पण लाटा एकमेकींना खाऊन टाकतात तो खड्डा त्याला भरता येत नाही. दहा डेसिबल वाढवायचे तर अँपला दहापट ताकद लागते, आणि जितका जोर लावाल तितक्याच जोराने भिंतीवरून परत येणारी लाट ते खाऊन टाकते. खड्डा तिथेच. वर सब हाशहुश करतो तो वेगळाच. खड्ड्यावर इलाज दोनच, सब हलवा किंवा सोफा हलवा.

उलट, वरच्या पट्टीत करेक्शनने कधीकधी चांगल्या स्पीकरचा आवाज फिका होतो. ॲपमध्ये करेक्शनची वरची मर्यादा ठरवता येत असेल तर ती ३०० हर्ट्झच्या आसपास ठेवून ऐका. खोलीची दादागिरी मुख्यतः त्याच्या खालीच असते. खरंच नाद लागला तर आरईडब्ल्यू नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. यूएसबी मेजरमेंट माइक घ्या आणि खोलीचे डोंगर-दऱ्या लॅपटॉपवर बघा. पण सावधान, हा नाद सुटत नाही.

एक मोठा की दोन छोटे?

अमेरिकेत हरमन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये हाच प्रश्न शोधनिबंधात मांडला होता, किती सब पुरेसे? वेगवेगळ्या संख्या आणि जागा तपासल्यावर समोरासमोरच्या भिंतींच्या मधोमध ठेवलेले दोन सब फारच कामाचे ठरले. दोघे मिळून खोलीच्या काही लाटा मुळातच उठू देत नाहीत. फायदा आवाज वाढण्यात नाही, तो सोफ्यावरच्या तिघांनाही जवळपास सारखा बास मिळण्यात आहे. म्हणून बजेट एका बारा इंचीचं असेल, तर दोन छोट्यांचा विचार आधी करा. एकट्याने ऐकणार असाल तर नीट ठेवलेला एकही पुरतो.

आणि खालचे काका

एवढं सगळं जमलं तरी एक श्रोता उरतोच. तो तिकीट न काढता ऐकतोय आणि त्याला चॅनल बदलता येत नाही.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. "मोबाइलवर मोजलं, काका, मर्यादेतच आहे!" असं सांगायला जाऊ नका. ही मोजणी डीबीए या पद्धतीची, आणि ती खालचे आवाज कमी धरते, ५० हर्ट्झला तर तब्बल ३० डेसिबलने. आकडा छोटा दिसतो, पण काकांच्या छातीत ते धुम्म पोहोचतच असतं. वरच्या पट्टीतला आवाज विटांची भिंत बऱ्यापैकी अडवते, बासला ती फारशी अडवत नाही.

सबखाली रबर किंवा फोमचं पॅड ठेवा. फरशीत थेट जाणारी थरथर कमी होईल. पण हवेतून जाणारा बास त्याने थांबत नाही, हे लक्षात असू द्या. रात्री सबची लेव्हल पाच-सहा डेसिबल खाली आणा. ऑडिसीचं डायनॅमिक ईक्यू चालू असेल तर रात्री बंद करा. कमी आवाजात आपल्या कानाला बास कमी ऐकू येतो, म्हणून ते तो मुद्दाम वाढवून देतं. तुमच्यासाठी छान, खालच्यांसाठी ताप.

गंमत म्हणजे जागा आणि करेक्शन नीट झालं की काकांचंही निम्मं काम होतं. सर्वांत त्रास देते ती घुमणारी एक नोट. ती कापली की तुम्हाला गाणं स्वच्छ ऐकू येतं आणि त्यांच्या घरातलं धुम्मही कमी होतं. आपण सब वाढवतो ते बहुतेक वेळा सोफ्यावरच्या खड्ड्यामुळे. खड्डा गेला की कमी आवाजातही पोट भरतं.

तेव्हा क्रम पाठ करा. आधी जागा, मग नॉब, मग माइक, आणि सगळ्यात शेवटी एक मजला उतरून काकांची बेल आपण वाजवायची. "काका, गाणं चालू ठेवून आलोय. जरा ऐकून सांगता का, त्रास होतोय का?" हे माप कुठलाच माइक घेत नाही. आणि कदाचित चहाही मिळेल!